नेम आणि वारा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक रायफल विकत घेतली. मराठीत हे वाक्य लिहिताना आमचा हात अजूनही अडखळतो. पुस्तके विकत घेतली, तानपुरा घेतला, फार तर दुसऱ्या हातची मोटार घेतली, इथपर्यंत आमच्या पिढीच्या मराठी प्राध्यापकाची मजल जाते. रायफल ही एक तर इतिहासाच्या पुस्तकातली वस्तू असते किंवा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची. मसुद्यातले हे पहिले वाक्य सौभाग्यवतींनी वाचले आणि विचारले, "आम्ही म्हणजे कोण? मला कुठे विचारलं होतंत?" आक्षेप रास्त होता. त्याकडे आम्ही शेवटी येणारच आहोत. तूर्त हे 'आम्ही' निबंधकाराच्या जुन्या खोडीचे आहे, असे समजून वाचकांनी पुढे चालावे.

बंदुकीशी आमचा पहिला संबंध महाविद्यालयात आला. एन. सी. सी.च्या कवायतीला .३०३ ची जडशीळ रायफल खांद्यावर असे आणि प्रत्यक्ष नेमबाजीला .२२ ची हलकी रायफल हाती मिळे. गावाबाहेरच्या त्या मैदानाला सारे चांदमारी म्हणत. वर्षातून एकदा तिथे पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या आणि कागदावरच्या काळ्या चांदाला त्यांतली एखादी लागली तर वर्षभर ती सांगत फिरायचे, एवढाच तो पराक्रम. पुढे चाळीस वर्षे शिकवण्यात गेली, त्यांतली अखेरची वीस-बावीस अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, आणि चांदमारी हा शब्दही विस्मरणात गेला.

तो परत आणला आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी. त्यांचे सारे आयुष्य लेथवर गेले. हाताला लोखंडाचा हजारांश इंच कळतो, बोलणे मोजके. निवृत्तीनंतर आम्ही घरात कोंडून घेतले आहे, हे पाहून एके दिवशी त्यांनी आम्हाला गाडीत घातले आणि ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला नेले. १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथे होत आल्या आहेत. समोर हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, लक्ष्यांची रांग आणि तिच्यामागे सरोवर. माणसे जमिनीवर पालथी, एक डोळा दुर्बिणीला. आम्हाला वाटले होते, कानठळ्या बसवणारा गोंगाट असेल. आवाज होता, परंतु दोन आवाजांमधली शांतता मोठी होती. बहुतेक वेळ ही माणसे काहीच करत नव्हती. वाऱ्याची निशाणे पाहत होती आणि दुर्बिणीतून मृगजळ वाचत होती. तापलेल्या जमिनीवरची हवा ज्या बाजूला वाहते, तिकडे तिच्या लहरी कलतात, त्यांवरून वाऱ्याची दिशा आणि वेग ताडायचा. मृगजळाचा असा उपयोग आमच्या कोणत्याही कवीने केल्याचे आम्हाला स्मरत नाही.

परतताना आम्ही शेजाऱ्यांना म्हणालो, "आम्हालाही एक रायफल घ्यायची आहे. साधी, कारखान्यातली." ते म्हणाले, "साधी म्हणजे काय, ते आधी ठरवा." पुढचे सात-आठ महिने त्या ठरवण्यात गेले.

प्रथम मापाविषयी. नेमबाजीतला नेमकेपणा इंचांत सांगून भागत नाही, कारण अंतर वाढले की इंचही वाढतात. म्हणून तो कोनात सांगतात. अंशाचा साठावा भाग हे त्याचे एकक आहे. आमच्या पंचांगात त्याला फार जुने आणि सुंदर नाव आहे: कला. राशी, अंश, कला, विकला. एक कला म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे एक इंच आणि हजार यार्डांवर सुमारे साडेदहा इंच. दुपाई किंवा तत्सम आधार लावून जी लांब पल्ल्याची नेमबाजी करतात, तिला एफ-क्लास म्हणतात. तिच्या हजार यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे असते, म्हणजे एका कलेहून किंचित कमी. तुलनेसाठी आपल्या घरचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि कोनात ते पाऊण कलेच्याही आत येते. त्या तीन स्थितींपैकी एकीत हा नेम कुठल्याही आधाराशिवाय उभे राहून धरायचा असतो. आम्ही जमिनीवर पडून, दुपाईवर नळी टेकवून जे साधू पाहतो, ते कोनाच्या हिशोबात याहून काही सूक्ष्म नव्हे. आमच्यापुढे अडचण वेगळी असते, ती अंतराची, आणि अंतराबरोबर येणाऱ्या वाऱ्याची.

आता कारखान्याविषयी. बोल्ट-अॅक्शन रायफल म्हणजे जिचा पोलादी दट्ट्या, बोल्ट, हाताने उचलून मागे ओढायचा, पुढे ढकलायचा आणि खाली पाडून कुलूपबंद करायचा. दर गोळीला ही क्रिया पुन्हा करावी लागते. पाउल माउझर यांच्या १८९८ च्या रायफलीने ही रचना जवळजवळ पूर्णत्वाला नेली आणि त्यानंतरच्या बहुतेक बोल्ट-अॅक्शन रायफली या ना त्या रीतीने तिच्या ऋणात आहेत. आमच्या यादीत तीन नावे उरली होती.

पहिली रेमिंग्टन ७००. हिचे वर्ष १९६२. रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर हे स्वतः बेंचरेस्ट प्रकारातले नेमबाज होते आणि त्यांच्या हाताचा ठसा हिच्यावर आहे. बोल्ट ज्या पोलादी घरात सरकतो, ते हिच्यात गोल दांड्यातून कातलेले असते. लेथवर गोल वस्तू स्वस्तात आणि अचूक निघते. अमेरिकन नौसैनिक दलाची एम-४० आणि लष्कराची एम-२४ या दोन्ही रायफली हिच्यावरच बेतलेल्या. ज्या गावाशी हिचे नाव जोडलेले होते, त्या न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनचा कारखाना मात्र जवळजवळ दोनशे वर्षांनी, २०२४ मध्ये बंद झाला. आता रायफली जॉर्जिया राज्यात होतात. आमच्या शेजाऱ्यांनी ही बातमी गिरणगावातला माणूस गिरणीची बातमी सांगतो, तशा स्वरात सांगितली.

दुसरी सॅव्हेज ११०. निकोलस ब्रूअर यांनी १९५८ मध्ये ती आणली आणि मूळ हेतू उघड होता: रायफल स्वस्तात बनली पाहिजे. नळी बसवताना काडतुसासाठी नेमकी किती जागा सुटते, यावर सुरक्षितता आणि अचूकता दोन्ही अवलंबून असतात. इतर कारखान्यांत ही जागा कुशल कारागिराने घासून, मोजून साधावी लागे. ब्रूअर यांनी नळीवर एक मोठी चाकी बसवली. नळी हवी तितकी फिरवायची, मापाशी ताडायची, चाकी घट्ट करायची, काम झाले. काटकसरीतून आलेली ही युक्ती अचूकतेलाही उपकारक ठरली. त्या कुरूप चाकीमुळे सॅव्हेज कित्येक वर्षे 'गरिबाची रायफल' म्हणून हिणवली गेली, आणि चांदमारीवर ती महागड्या रायफलींच्या शेजारी बसत राहिली.

तिसरी फिनलंडची टिक्का टी३एक्स. २००३ च्या टी३ ची ही २०१६ मधली सुधारित आवृत्ती. रीहिमॅकी गावातल्या साको कारखान्यात ती तयार होते. हिची नळी थंड पोलादावर सर्व बाजूंनी हातोडे चालवून घडवतात. बोल्ट इतका गुळगुळीत सरकतो की, दुकानात एकदा हातात घेतल्यावर तो परत ठेववत नाही. लहान-मोठ्या काडतुसांसाठी मूळ सांगाडा एकाच लांबीचा, हीही कारखान्याचीच काटकसर.

या तिघींत सर्वांत अचूक कोणती? आम्ही साहित्याचे शिक्षक. 'श्रेष्ठ कोण?' हा प्रश्न फोल असतो, असे विद्यार्थ्यांना जन्मभर सांगितले आणि आता तोच घेऊन दुकानोदुकानी फिरत होतो. एका दुकानदाराने काचेखालून कागद काढला. त्यावर तीन छिद्रे एकमेकांना चिकटलेली. "अर्धी कला! याच रायफलीची." आम्ही भारावलो. शेजारी बाहेर येऊन म्हणाले, "बाकीचे कागद कुठे आहेत, हे तुम्ही विचारलं नाहीत."

त्या एका वाक्याने आमचा बराचसा गर्व उतरवला. एखाद्या कवीच्या तीन उत्तम ओळी उद्धृत करून त्याला थोर ठरवणाऱ्या समीक्षेला आम्ही वर्गात झोडपत आलो होतो. आणि इथे तीन छिद्रांवर हजार डॉलर टाकायला निघालो होतो! शेजाऱ्यांनी पुढच्या शनिवारी स्वतःची रायफल आणली आणि शंभर यार्डांवर आमच्याकडून तीन-तीन गोळ्यांचे सहा गट झाडून घेतले. सर्वांत लहान गट सर्वांत मोठ्याच्या निम्म्याहूनही लहान निघाला. रायफल तीच, काडतुसे त्याच पेटीतली, माणूसही तोच. मग त्यांनी एकाच कागदावर सलग दहा गोळ्या झाडायला लावल्या. गट वाढला. यात नशिबाचा भाग थोडा आणि गणिताचा अधिक. गोळ्या यदृच्छेने विखुरतात असे मानले, तर दहा गोळ्यांचा विस्तार तीन गोळ्यांच्या विस्ताराच्या सरासरीने दीडपटीहून थोडा अधिक येतो. म्हणजे जाहिरातीतली 'एका कलेच्या आत'ची हमी तीन गोळ्यांवर दिलेली असेल, तर तिच्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही, पण ती किती गोळ्यांवर दिली आहे, ते वाचायला हवे. दुकानदार खोटे बोलत नव्हता. त्याने वेचे दाखवले, आणि आम्ही त्यांवरून समग्र वाङ्मय ठरवले.

यानंतर शेजाऱ्यांनी आमच्या प्रश्नांचा क्रमच उलटा केला. रायफल शेवटी. आधी काडतूस, मग दस्ता, मग दुर्बीण, मग उरलेल्या पैशांत जी बसेल ती रायफल.

काडतुसांत निवड दोघांत होती. .३०८ विंचेस्टर हे १९५२ चे. ६.५ क्रीडमोर हे हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठीच घडवलेले. क्रीडमोरची गोळी बारीक आणि लांबट, त्यामुळे हवा तिला कमी अडवते. हजार यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८ च्या नेहमीच्या १७५ ग्रेन वजनाच्या गोळीला सुमारे आठ फूट ढकलतो, तर क्रीडमोरच्या गोळीला सुमारे सहा फूट. क्रीडमोरचा धक्काही सौम्य. उलट तिची नळी लवकर झिजते. साधारण दोन-तीन हजार गोळ्यांनंतर तिची धार उतरू लागते, .३०८ ची पाच हजारांपर्यंत टिकते. स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस एक डॉलरहून महाग असते. म्हणजे नळी झिजेपर्यंत काडतुसांवर जो पैसा जातो, तो रायफलीच्या किमतीच्या कितीतरी पट. तीन रायफलींतल्या शंभर-दोनशे डॉलरांच्या फरकावर रात्री जागवणे किती हास्यास्पद होते, हे कागदावर आकडे मांडल्यावर कळले.

क्रीडमोर या नावाने मात्र आम्हाला वाट सोडून थोडे दूर नेले, आणि तो फेरफटका व्यर्थ गेला नाही. क्रीडमोर हे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचे मैदान. १८७३ मध्ये तिथे चांदमारी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १८७४ रोजी, आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा नेमबाज. अंतरे आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. आयरिश चमूच्या हाती डब्लिनच्या रिग्बी यांच्या, तोंडाकडून ठासायच्या, कारागिरीचा कळस मानल्या गेलेल्या रायफली होत्या. अमेरिकनांच्या रायफली रेमिंग्टन आणि शार्प्स यांच्या, मागून भरायच्या, खास लांब पल्ल्यासाठी बेतलेल्या पण कारखान्यात तयार झालेल्या. एका परीने हा हस्तकला आणि यंत्रशाळा यांचाच सामना होता. निकाल ९३४ विरुद्ध ९३१ असा लागला आणि अमेरिका जिंकली. यावरून कारखाना जिंकला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्या दिवशी आयर्लंडच्या एका नेमबाजाने एक गोळी थेट चांदात मारली होती. फक्त तो चांद शेजारच्या लक्ष्याचा होता. गुण शून्य. चांदाला चार गुण होते आणि सामना तीन गुणांनी गेला. अमेरिकेच्या बाजूने अखेरची गोळी कर्नल जॉन बोडाइन यांची होती. फुटलेल्या बाटलीने हात कापला होता. तो रुमालाने बांधून त्यांनी चांद साधला. दोन शतकांच्या कारागिरीची तुलना करायला जमलेल्या हजारोंनी प्रत्यक्षात पाहिली ती एका माणसाची चूक आणि दुसऱ्या माणसाचा कापलेला हात.

त्या मैदानाचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. चांदमारी बंद पडली आणि १९१२ मध्ये त्या जागी मनोरुग्णालय उभे राहिले. नाव तेच राहिले. लोकगायक वुडी गथ्री १९६७ मध्ये तिथेच वारले. आज दुकानात जाऊन 'क्रीडमोर द्या' असे म्हणणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असते. आम्हाला ते कळले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. त्याचे कारण पुढे येते.

काडतूस आम्ही .३०८ घेतले. शेजाऱ्यांचा युक्तिवाद असा की, शिकणाऱ्याला वारा दिसला पाहिजे. जी गोळी वाऱ्याला अधिक जुमानते, ती वाऱ्याविषयी अधिक सांगते. शिवाय एफ-क्लासच्या एफ-टीआर या उपप्रकारात .३०८ आणि .२२३ ही दोनच काडतुसे चालतात. तिथे समोरच्याचा वारा आणि आपला वारा जवळजवळ सारखाच असतो.

मग दस्ता. इथे आमच्या साडेपाच फुटी मराठी देहाचा प्रश्न आला. बहुतेक रायफलींचे दस्ते लांब हातांच्या, रुंद खांद्यांच्या माणसांसाठी कापलेले असतात. पालथे पडून नेम धरताना गाल दस्त्यावर जिथे टेकतो, तिथून डोळा आपसूक दुर्बिणीच्या मध्याशी यावा लागतो. मान ताणावी लागली की चार गोळ्यांनंतर थकवा येतो आणि दहा गोळ्यांनंतर डोळा फसवू लागतो. टिक्का हातात घेतली, मन तिच्यावर जडले, पण मान ताणली गेली. रेमिंग्टनचेही तेच. सॅव्हेजच्या नव्या ११० मध्ये दस्त्याची लांबी आणि गालाच्या आधाराची उंची छोटे तुकडे घालून-काढून बदलता येते. आम्ही सर्वांत आखूड मापावर ती बेतली, दुकानाच्या फरशीवर पडलो, डोळे मिटले, गाल टेकवला आणि डोळे उघडले. दुर्बिणीचे वर्तुळ पूर्ण, कडेला कुठे काळी सावली नाही. इतक्या महिन्यांच्या वाचनाचा निकाल गालाने लावला. कुरूप चाकीची, गरिबाची रायफल घरी आणायची ठरली. जड नळी, चोवीस इंच. तिच्या किमतीइतकेच पैसे दुर्बिणीसाठी बाजूला काढले. हजार यार्डांवर .३०८ ची गोळी तीस फुटांहून अधिक खाली येते. तेवढा उंचीचा फरक दुर्बिणीच्या चक्रीवर मोजून चढवावा लागतो, आणि ती चक्री दर वेळी त्याच जागी परत आली नाही तर रायफल कितीही चांगली असून उपयोग नाही.

एवढे ठरवून आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो. सौ. जेवण वाढत होत्या. म्हणाल्या, "ठरलं सगळं? मग आता माझं एक ऐका. ती राहणार कुठं?"

हा प्रश्न कपाटाविषयी नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्याच्या दोन हिवाळे आधी, आईच्या निधनानंतर, आम्ही फार खोल उतरलो होतो. पुण्याला वेळेवर पोहोचता आले नाही. ओहायोचा हिवाळा लवकर अंधार करतो. आम्ही वाचणे सोडले, फोन घेणे सोडले, आणि एका रात्री सौभाग्यवतींना असे काही बोललो की, ते इथे पुन्हा लिहिण्याचे धाडस होत नाही. पुढे डॉक्टर, औषधे, आणि शेवटी शेजाऱ्यांची ती गाडी. त्या दिवशी आम्हाला कॅम्प पेरीला कोणी पाठवले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना एक सरकारी अर्ज भरावा लागतो. त्यात अनेक प्रश्न असतात, त्यांतला एक असा की, तुम्हाला कधी मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केले होते का. आमचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच होते. सौ. म्हणाल्या, "सरकारला 'नाही' लिहा, ते खरंच आहे. पण सरकारने जे विचारलंच नाही, ते मी विचारते आहे." या देशात बंदुकीने जे मृत्यू होतात, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे आम्ही दोघांनी वाचलेले होते. दुसऱ्यांच्या हिंसेविषयी आपण तावातावाने बोलतो. हा आकडा मात्र घरातल्या माणसांविषयी, स्वतःविषयी असतो, म्हणून त्याच्याविषयी कुजबुजतो. क्रीडमोरचे पुस्तक आम्ही मिटले होते ते याच कारणाने.

आम्ही तिथल्या तिथे म्हणालो, "नको घेऊ या." त्या म्हणाल्या, "मी तसं म्हटलेलं नाही. शनिवारी मैदानावरून येता, तेव्हा तुम्ही भूक लागली म्हणता. दोन वर्षांत दुसऱ्या कशानं ते झालं नव्हतं. पण ठरवू दोघं मिळून."

मग आमच्या निवडीच्या यादीत जे कलम कुठल्याच जाहिरातीत नव्हते, ते सर्वांत वर गेले. बोल्ट-अॅक्शनचा एक गुण असा की तिचा बोल्ट सहज, हत्याराशिवाय, बाहेर निघतो. बोल्टाविना रायफल म्हणजे दस्त्यावर बसवलेली एक नळी. तेव्हा ठरले ते असे. रायफल आमच्या कुलूपबंद पेटीत राहील. बोल्ट सौभाग्यवतींच्या कपाटात, त्यांच्या किल्लीखाली. काडतुसे शेजाऱ्यांच्या घरी. नोव्हेंबर ते मार्च रायफलही शेजाऱ्यांच्या तिजोरीत. आणि खरेदी तो हिवाळा नीट पार पडल्यावरच. शेजाऱ्यांना हे सांगताना आम्हाला संकोच वाटत होता. त्यांनी मान डोलावली आणि एवढेच म्हणाले, "माझ्या मुलाच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं." त्यांना मुलगा होता, हे आम्हाला त्या दिवशी कळले. यापुढे त्यांनी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

हिवाळा पार पडला. मे महिन्यात रायफल आली. सहाशे यार्डांपर्यंतचा सराव क्लबाच्या मैदानावर झाला आणि सप्टेंबरात एका छोट्या स्पर्धेत आम्ही प्रथमच हजार यार्डांवर मोजून वीस गोळ्या झाडल्या. सकाळी सौभाग्यवतींनी बोल्ट जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून हातात दिला. त्यांची आईही लोणच्याच्या बरणीचे तोंड याच कापडाने बांधत असे, हे त्यांनीच सांगितले.

मैदानावर पडलो. चाप ओढल्यावर गोळी दीड सेकंदाहून अधिक काळ हवेत असते. तो काळ आपला नसतो. तेवढ्यात निशाण हलते आणि काही करता येत नाही. लक्ष्य खाली जाते, छिद्रावर खूण लावून पुन्हा वर येते. वाऱ्याच्या अंदाजात ताशी एका मैलाची चूक .३०८ च्या गोळीला नऊ-दहा इंच बाजूला नेते, आणि दहाच्या वर्तुळाची त्रिज्या आहे पाच इंच. आमच्या चुका एका मैलाच्या नव्हत्या.

दोनशेपैकी १६३ गुण मिळाले. शेजाऱ्यांनी आमची गुणपत्रिका घेतली. तिच्यावर प्रत्येक गोळीची जागा टिपलेली होती. त्यांनी खिशातून पट्टी काढून दोन मापे घेतली. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गोळीत साधारण सोळा इंच. सर्वांत डावीकडच्या आणि सर्वांत उजवीकडच्या गोळीत चाळीस. म्हणाले, "उभं माप बरंचसं रायफलीचं आणि काडतुसांचं. आडवं बरंचसं तुमचं."

त्या दोन मापांत आमच्या सात-आठ महिन्यांच्या शोधाचे उत्तर होते. तीन रायफलींच्या अचूकतेतला जो फरक आम्ही शोधत होतो, तो त्या उभ्या सोळा इंचांतला एखाद-दुसरा इंच असता. शंभर-सव्वाशे वर्षांच्या कारखानदारीने ती बाजू पुष्कळशी सोडवून आमच्या हाती दिली आहे, तीही मध्यमवर्गीयाला परवडेल अशा किमतीत. चाळीस इंचांची बाजू कोणताही कारखाना सोडवून देणार नाही. ती निशाणांकडे आणि मृगजळाकडे पाहत, चुका टिपत, पुन्हा पुन्हा पडून शिकावी लागेल. म्हणून कोणी नवखा आम्हाला रायफल कोणती घ्यावी असे विचारील, तर आम्ही सांगू की जिच्यावर गाल बसेल ती घ्यावी, साधी घ्यावी, उरलेले पैसे काडतुसांना आणि दुर्बिणीला ठेवावेत. आणि त्याही आधी घरी विचारावे की ती राहणार कुठे, आणि विचारणाऱ्याला खरे उत्तर द्यावे.

मराठीत 'नेम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. नेम धरायचा तो डोळ्याने, आणि नेम पाळायचा तो रोज, व्रतासारखा. आम्हाला इतकी वर्षे हे दोन वेगळे शब्द वाटत आले.

त्या संध्याकाळी घरी आलो, रायफल पुसली, बोल्ट पुसला, तेलाचा हात फिरवला आणि साडीच्या तुकड्यात गुंडाळून सौभाग्यवतींना परत दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला, किल्ली फिरवली आणि विचारले, "किती आले?" आम्ही आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "पास झालात की. चला, जेवायला बसू."

पहिल्या वाक्यातले 'आम्ही' त्यांनी मसुद्यात आता तसेच राहू दिले आहे.